घट्ट टायर, शाबूत अंगठे

सायकलचा टायर बसवताना भांडण होतं ते शेवटच्या चार बोटांशी. बाकी सगळा टायर रिमवर निमूट चढलेला असतो, ट्यूब आत गेलेली असते, आणि चार बोटं रुंदीची कड तेवढी बाहेर उरते. ती आत ढकलायला अंगठे लावले की दुसऱ्या टोकाची चढलेली कड निसटते. ते टोक दाबायला जावं तर हे सुटतं. मग माणूस चाक मांडीवर घेतो, पोटाशी आवळतो, भिंतीला टेकवतो आणि शेवटी घरातला स्क्रू ड्रायव्हर शोधतो. स्क्रू ड्रायव्हरने टायर चढतो खरा, पण हवा भरायला घेतली की कळतं, ट्यूब चिमटून तिला नवं भोक पडलंय. एक पंक्चर काढायला बसलेला माणूस दुसरं करून उठतो. दोन्ही अंगठे लाल, एखादं नख मुळापासून दुखावलेलं, आणि दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण फिरवताना मनगटापर्यंत कळ येते ती वेगळीच.

एवढं सोसून झाल्यावर बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो : आपल्या हातात जोर नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. घट्ट टायर बसवणं हे जोराचं काम नाहीच. जोर लावावा लागतोय याचा अर्थ आपण चाकाच्या चुकीच्या जागी झगडतोय. टायर अडतो एकीकडे आणि तो सोडवायची सोय असते चाकाच्या बरोबर समोरच्या बाजूला. ही सोय १८९० साली कुणीतरी डोकं लावून केलेली आहे, आणि आपल्या दारातल्या सायकलच्या रिममध्ये ती आजही आहे. वापरणारे मात्र थोडे.

पुण्यातल्या एका पेठेतल्या जुन्या दुकानात हे काम बघत बसलो होतो. एकेकाळी तासावर सायकली भाड्याने देणारं दुकान. भाड्याच्या सायकली गेल्या, दुरुस्ती राहिली. दारात पाण्याचं घमेलं, खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूब, सोल्यूशनचा डबा, काचपेपरचे तुकडे, शंखजिऱ्याची पुडी. मिस्तरी साठी उलटलेले. जुनी काळी सायकल पंक्चर होऊन आली तर ते चाक खोलतही नाहीत. टायरची एकच कड उतरवायची, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, घासून ठिगळ लावायचं आणि ट्यूब पुन्हा आत. कड बसवताना त्यांच्या हातात हत्यार नसतं आणि चेहऱ्यावर जोर लावल्याची खूणही नसते.

तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी गिअरच्या सायकलचं पुढचं चाक हातात घेऊन आली. नवा टायर, अर्धवट चढलेला. काका, माझ्याच्याने होत नाही हो, असं म्हणून तिने चाक पुढे केलं. काकांनी चाक घेतलं आणि टायर जिथे अडला होता तिथे हातच लावला नाही. अडलेली जागा खाली पायाशी घेतली. वरच्या बाजूला, म्हणजे अडलेल्या जागेच्या समोर, टायरच्या दोन्ही कडा चिमटीत धरून रिमच्या मध्यावर ढकलल्या. मग दोन्ही तळवे टायरवर दाबून धरून वरून खाली ओढत आणले, एक डावीकडून, एक उजवीकडून. पुन्हा तसंच. मग चाक फिरवून अडलेली जागा वर घेतली आणि उरलेली कड तळहाताच्या मुळाने रेटली. टायर बसला. अडलंय तिथे ओढू नको, समोरून सैल आण, एवढंच त्यांनी तिला सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बांगड्या भरणाऱ्या कासाराचा हात ज्यांनी पाहिलाय त्यांना यातली खुबी लगेच कळेल. काचेची बांगडी ताणून मोठी होत नाही, हे कासाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो बांगडीशी झगडत नाही; तो हात लहान करतो. अंगठ्याचं मूळ तळव्यात दुमडतो, बोटांची पेरं एकमेकांवर घेतो, आणि मनगटाला घट्ट बसणारी बांगडी त्या हातावरून सरकवतो. टायरच्या दोन्ही कडांमध्ये एकेक तार असते, स्वस्त टायरमध्ये पोलादी आणि घडी होणाऱ्या महाग टायरमध्ये केव्हलारसारख्या धाग्यांची. दोन्ही जाती काचेच्या बांगडीइतक्याच हट्टी. अंगठ्याने कितीही रेटलं तरी त्या मिलिमीटरभरही वाढत नाहीत. तेव्हा लहान करायला उरते ती रिम. रिम लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची, ती कशी लहान होणार? तर तिच्या मधोमध एक खोल पन्हळ असते. टायरची कड रिमच्या काठालगतच्या उंच जागेवर न ठेवता या पन्हळीत उतरवली, की तारेपुरती रिम लहान होते.

पन्हळ तिथे आली कशी, ही गोष्ट हवेच्या टायरइतकीच जुनी आहे. हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतलं होतं, घोडागाड्यांसाठी. ते चाललं नाही आणि लोक विसरले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तोच शोध लावला. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण तोवर नाव डनलॉपचंच झालं होतं. डनलॉपचा टायर चालायला मऊ, धावायला वेगवान. दुखणं एकच : तो रिमला कापड आणि रबराच्या सोल्यूशनने चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं उचकटायचं, ट्यूब दुरुस्त करायची, परत चिकटवायचं आणि वाळेपर्यंत हात जोडून बसायचं.

१८८९ साली फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ गावातल्या मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर झालेला डनलॉप टायर घेऊन आला. टायर उतरवून दुरुस्त करायला तीन तास गेले, आणि सोल्यूशन वाळायला रात्र. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलँने सायकल चालवून पाहिली, तर काही अंतरावर टायरने पुन्हा मान टाकली. एवढ्या त्रासातही चालायला किती मऊ आहे, हे त्याच्या ध्यानात राहिलं. दोन वर्षांत त्याने सुटा होणारा टायर काढला. तो रिमला नट-बोल्टांनी जखडलेला असे, आणि पंक्चर काढायला पंधरा मिनिटं पुरत. १८९१ च्या सप्टेंबरात पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. शार्ल तेराँने ती मिशलँ टायरवर, ७१ तासांच्या आसपास वेळेत जिंकली. प्रतिस्पर्धी डनलॉपवर होता. सगळं श्रेय टायरला देणं तेराँच्या पायांवर अन्याय होईल, पण टायर रस्त्यात उतरवता आणि चढवता आला पाहिजे, हे त्या शर्यतीनंतर कुणाला पटवायची गरज उरली नाही.

मिशलँचे नट-बोल्ट मात्र टिकले नाहीत. खरी मात केली होती ती त्याआधीच, सप्टेंबर १८९० मध्ये, चार्ल्स किंग्स्टन वेल्च नावाच्या इंग्रजाने. त्याने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यावर पन्हळ दिली. तार टायरला रिमवरून उडू देत नाही. पन्हळ तीच तार चढवायला आणि उतरवायला जागा देते. पुढच्याच महिन्यात विल्यम बार्टलेटने एडिंबरात दुसरी युक्ती नोंदवली : टायरची जाड रबरी कड रिमच्या आत वळलेल्या काठात अडकवायची आणि हवेच्या दाबाने ती तिथे घट्ट धरून ठेवायची. आज आपण चालवतो त्या सायकलीत तार वेल्चची आहे आणि रिमचा आकडीसारखा काठ बार्टलेटच्या वाटेने आलेला. वेल्चचं पेटंट डनलॉप कंपनीने विकत घेतलं. मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या रिमलाही हीच मधली पन्हळ आली. मोटारीच्या टायरवाल्याचं यंत्र नीट बघा, तेही एका बाजूने कड पन्हळीत दाबून धरतं तेव्हाच दुसऱ्या बाजूने चढवतं. हे यंत्राला कळतं, आपल्या अंगठ्यांना कळत नाही, एवढाच फरक.

हिशेब शाळेतला आहे. आजच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना ‘७०० सी’ टायर लागतो. त्याच्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण १९५४. पन्हळ ३ मिमी खोल आहे असं धरा. तार पन्हळीत उतरली की तिला ६१६ मिमी व्यासाभोवतीच फिरायचं असतं, परीघ १९३५. म्हणजे जवळपास १९ मिमी तार मोकळी झाली. ही मोकळीक चाकभर विखरून राहिली तर तिचा उपयोग शून्य. तीच सगळी एका ठिकाणी गोळा केली, तर कागदावरच्या हिशेबाने त्या ठिकाणी कड पन्हळीपासून ३ सेंटिमीटरपर्यंत वर उचलता येते. टायरचा ताठपणा आणि मध्ये येणारी ट्यूब यातलं बरंच खातात, पण रिमचा काठ ओलांडायला उरतं ते पुरतं. काकांचे तळवे वरून खाली फिरत होते ते ही मोकळीक गोळा करत.

याचाच दुसरा अर्थ असा की पन्हळीत जे काही भराल ते या मोकळिकीतून वजा होतं. आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर पट्टी लावलेली असते. ती १ मिमी जाड असेल तर तारेच्या घेरातली ६ मिमीहून जास्त मोकळीक गेली. कापडी किंवा रबरी जाड पट्टी काढून पातळ, चिवट, ट्यूबलेसला वापरतात तसली चिकटपट्टी लावली, तर काल न चढणारा टायर आज हाताने चढल्याचं बघायला मिळतं. टायर परत करायला जाण्याआधी हा खर्च करून पाहावा. कमी खर्चात हात वाचवणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आणि त्याहीआधी टायरचा आकडा वाचावा. सायकलच्या मापांचा घोळ जुना आहे. आपल्याकडे ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ म्हणतात ते फ्रेमचं माप. त्याच काळ्या सायकलच्या टायरवर २८ × १½ लिहिलेलं असतं. आणि २८ इंची म्हणवणारे सगळे टायर एका मापाचे नसतात. काळ्या सायकलचा टायर ६३५ मिमीचा, ७०० सी चा ६२२ चा, आणि दोघांनाही जगात कुठे ना कुठे २८ इंचीच म्हणतात. २६ इंचीत तर ५५९, ५७१, ५८४, ५९० अशी भावंडं आहेत आणि एकाचे कपडे दुसऱ्याला होत नाहीत. जुन्या स्पोर्ट्स सायकलींची २७ × १¼ रिम ६३० मिमीची. तिच्यावर ६२२ चा टायर चढवायला बसलेला माणूस जन्मभर बसून राहील. टायरच्या अंगावर बारीक अक्षरात ‘३७-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा कडेच्या व्यासाचा. दुसरा आकडा रिमशी जुळला पाहिजे. इंचांवर विश्वास ठेवू नये.

माप जुळूनही टायर आताशा पूर्वीपेक्षा घट्ट का लागतात, याचं एक कारण आपल्या पायाखालीच आहे. दख्खनच्या पठारावर सायकल चालवायची म्हणजे बाभळीचे काटे, सराटे आणि महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सांडलेल्या केसाएवढ्या पोलादी तारा. या तारा सगळ्यात लबाड. त्या टायरच्या रबरात रुतून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ट्यूब बदलली की तासाभराने पुन्हा टोचतात. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवावं ते सांभाळून, किंवा कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकेल तिथे तार. ती चिमट्यानेच निघते. या जाचाला कंटाळून लांब जाणारे लोक आतून जाड थर दिलेले, काटा सहज न शिरणारे टायर घेतात. असा टायर पंक्चर कमी होतो, पण ताठ असतो. कड पन्हळीत स्वतःहून उतरत नाही, ती दाबून उतरवावी लागते.

दुसरं कारण ट्यूबलेस. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हवा टिकायची तर कड रिमवर चोख बसली पाहिजे, म्हणून अशा रिमला पन्हळीच्या दोन्ही बाजूंना सपाट ओटा असतो आणि कड त्यावर आवळून बसते. ट्यूबलेस टायर रस्त्यात मोठा फाटला आणि आत ट्यूब घालायची वेळ आली, की लोक एकच कड उतरवतात आणि दुसरी ओट्यावर तशीच चिकटलेली राहू देतात. मग ट्यूब घालून पहिली कड चढवताना घाम फुटतो. चाक आडवं ठेवून, तळव्याने किंवा बुटाच्या टाचेने दाबत दाबत दोन्ही कडा आधी ओट्यावरून खाली पाडून घ्याव्यात. मग पुढचं काम.

आता ते काम शांतपणे करू. घडीचा नवा टायर असेल तर आदल्या दिवशी उघडून ठेवावा, आणि बसवायच्या आधी अर्धा तास उन्हात. कोवळं ऊन चालेल. रबर नरम पडतं आणि घडीचे बाक जातात. ट्यूबला शंखजिरं किंवा अंगाला लावायची पावडर चोळावी, म्हणजे ती टायरला चिकटून ओढली जात नाही. ट्यूबमध्ये दोन फुंका हवा, नुसता आकार यावा इतकी. टायरची पहिली कड पूर्ण चढवून घ्यावी, ती सहसा त्रास देत नाही. ट्यूब आत घालून वॉल्व्ह भोकातून काढावा, पण त्याचा नट आवळू नये. हा नट घाईने आवळणं हे निम्म्या भांडणांचं मूळ आहे : आवळलेला वॉल्व्ह आपलं जाड बूड घेऊन पन्हळीत ठाण मांडतो आणि त्या जागी कडेला खाली उतरू देत नाही.

दुसरी कड वॉल्व्हच्या समोरून सुरू करावी आणि वॉल्व्हपाशी संपवावी. कारण तेच. वॉल्व्हपाशी कड पन्हळीत पुरती उतरत नाही. ती जागा शेवटी ठेवली तर समोरची सगळी कड पन्हळीत निर्धास्त पडून राहते. उलट करणारेही बरेच आहेत आणि सैल टायरला ते चालून जातं. घट्ट टायरला चालत नाही. अर्ध्याहून अधिक कड चढली आणि हात जड वाटायला लागले की थांबावं, आणि ट्यूबमधली उरलीसुरली हवा सोडून द्यावी. तिचं काम झालेलं असतं. आता ती अडवते. मग चाकाची फेरी. वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून दोन्ही कडा चिमटीत धरून मध्ये ढकलत, तळव्यांनी टायर वॉल्व्हकडे ओढत यायचं. एका फेरीत भागत नाही. प्रत्येक फेरीत थोडी थोडी मोकळीक वॉल्व्हपाशी जमते.

जमवलेलं परत जाऊ नये म्हणून चढलेल्या कडेची दोन्ही टोकं बांधून टाकणं, ही युक्ती एकट्याने काम करणाऱ्याला वरदान आहे. एखादा वेल्क्रोचा पट्टा, सुतळी, प्लॅस्टिकची केबल टाय, काहीही चालतं. टायर आणि रिम मिळून आवळायचं. आता जी चार बोटं उरतात ती मोकळी असतात, निसटती नसतात. तरीही अडलं तर त्या कडेला साबणाचं पाणी लावावं. भांड्याचा साबण बरा. तेल किंवा ग्रीस कधीही नाही. तेल रबराला खातं आणि टायर रिमवर घसरत राहतो.

शेवटचा रेटा अंगठ्याच्या टोकाने द्यायचा नाही. तळहाताचं मूळ, मनगटाच्या लगतचा मांसल भाग, टायरच्या कडेखाली लावायचा आणि टायर आपल्यापासून दूर लोळवत न्यायचा, एका टोकाकडून दोन-दोन सेंटिमीटर. हातात जुना मोजा किंवा फडकं. चाक मांड्यांमध्ये धरलं तर खांद्यांचा आणि पाठीचा भार कामी येतो. बोटांना नुसतं दिशा दाखवायचं काम उरतं.

अंगठ्याबद्दल इतका आग्रह का, तर हा सांधा अशा कामासाठी नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून एक खोगिरी सांधा आहे. अंगठा चारी दिशांना वळतो तो याच्यामुळे. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे चिमटीच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला की मुळाच्या या सांध्यावर सरासरी १२ किलोचा दाब येतो. टायर रेटताना टोकाशी १ किलोवर कोण थांबतं? या सांध्याची झीज वय वाढेल तशी वाढते आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात स्त्रियांमध्ये ती विशेष आढळते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कंडरांना सूज येऊन कळा मारणाऱ्या दुखण्याला फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदाचं नाव आहे. त्याने ते १८९५ साली नोंदवलं. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ते होतं, आणि चिमटीचा तोच तोच ताण घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतं. टायर बसवून झाल्यावर अंगठ्याच्या मुळाशी आठवडाभर कळ राहिली तर मालिश करत बसू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

पट्ट्यांबद्दल, म्हणजे टायर काढायच्या लिव्हरबद्दल, माझं मत कडक आहे : उतरवायला जरूर, चढवायला शेवटचा उपाय. चढवताना लावलीच तर प्लॅस्टिकची, आणि जेमतेम कडेखाली. आत खोल घातली की तिच्या आणि रिमच्या मध्ये ट्यूब सापडते. काळ्या सायकलच्या जाड लोखंडी रिमला मिस्तरींची पोलादी पट्टी किंवा चमच्याचा दांडा काही करू शकत नाही. तीच पट्टी ॲल्युमिनियमच्या रिमला ओरखडे पाडते आणि कार्बनच्या रिमला कायमची इजा करू शकते. हात दुखरे असतील, संधिवात असेल, तर लांब दांड्याचं, रिमच्या पलीकडच्या काठावर टेकवून कड पकडून ओढणारं एक हत्यार मिळतं. दुकानदार त्याला बीड जॅक म्हणतात. त्याने ट्यूब चिमटत नाही, कारण ते कडेला खालून उचकटत नाही, वरून ओढतं. ज्यांना गरज आहे त्यांनी ते बिनदिक्कत घ्यावं. हाताने बसवण्यात कसली मर्दुमकी नाही.

टायर बसला की काम संपलं असं नाही. वॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढावा, म्हणजे त्याच्या बुडाखाली कड अडकली असेल तर मोकळी होते. चाकभर दोन्ही बाजूंनी टायर दाबून बघावं, ट्यूब कुठे डोकावत तर नाही. थोडी हवा भरून चाक फिरवावं. टायरच्या अंगावर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर तिथे कड अजून पन्हळीत आहे. हवा सोडून, ओढून, पुन्हा भरावी. मगच पुरती हवा, आणि ती टायर आणि रिम या दोन्हींवर दिलेल्या मर्यादांपैकी लहान मर्यादेइतकीच. आकडी काठ नसलेल्या नव्या ट्यूबलेस रिमवर रस्त्याच्या सायकलींसाठी ही मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास आहे. जुन्या सवयीने १०० पर्यंत पंप मारणाऱ्यांचा टायर उडू शकतो.

हे सगळं घरी, पंख्याखाली, चहाचा कप बाजूला ठेवून करायला सोपं आहे. परीक्षा असते ती रस्त्यावर. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे आता लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे होतात : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नसते, पण घड्याळ असतं, आणि वाटेत मदतीची गाडी बरोबर ठेवता येत नाही. म्हणजे रात्री दोन वाजता, थंडीत बोटं गारठलेली, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात टायर ज्याचा त्यानेच चढवायचा. चारही पल्ले एका हंगामात पुरे करणाऱ्याला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाण्याची पात्रता मिळते. तेराँने १८९१ साली जिंकली तीच वाट. ती आता शर्यत राहिली नाही, चार वर्षांनी एकदा नव्वद तासांच्या मुदतीत होते, आणि २०१९ आणि २०२३ च्या फेऱ्यांत आपल्याकडचेही सायकलस्वार तिथे होते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. २९ हजार किलोमीटर, बहुतेक वाट एकटीने. अशा प्रवासाला निघणाऱ्यांकडे मांड्यांची ताकद असतेच. घट्ट टायर बसवायला मात्र ती कामाला येत नाही.

दुकानदारांना एक विनंती आहे. गिऱ्हाइकाला टायर बसवून देताना त्याला पाच मिनिटं शेजारी बसवा आणि समोरून सैल कशी आणायची ते त्याच्या हातून करून घ्या. पंक्चरची गिऱ्हाइकं त्याने तुटणार नाहीत. काटे आहेत तिथेच आहेत.

आणि सायकलवाल्यांना एवढंच सांगणं : नवा टायर घेतला की पावती जपून ठेवा आणि लांब जाण्याआधी तो घरी एकदा स्वतः उतरवून, स्वतः चढवून बघा. आकडा जुळतोय, पट्टी पातळ आहे, कडा पन्हळीत उतरल्यात, हवा सोडली आहे, आणि तरीही तो हाताने चढत नसेल, तर तो टायर आणि ती रिम एकमेकांसाठी नाहीत. टायर बदलून घ्या.